अडखळणारा जोड

कुडाळच्या मेघश्याम पेडणेकरांचं गेल्या वर्षी आलेलं पत्र भालचंद्र टिपणिसांनी अनुत्तरितच ठेवलं होतं. ‘तुमचं इलेक्ट्रॉनिक मिक्स मला अगदी माझ्या आवडीचं ऐकू येतं, म्हणूनच शंका येते. तुम्ही मुळात काय केलं होतं? माझ्याकडे जुना टेपरेकॉर्डर आहे.’

आज त्यांनी घरी केलेलं नवं मिक्स श्रोत्यांच्या ऑनलाइन गटात टाकलं. दोन ट्रॅकच्या जोडावर ठेका अडखळत होता. तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. लगेच अभिप्राय आले. एकाला त्यातली बासरी आवडली, एकीला समुद्राची गाज. त्यांनी यातलं काहीच घातलं नव्हतं.

“झालं! पुन्हा सुधारून ठेवलं!” ते पुतणीवर वैतागले. “रेवती, बंद कर हे.”

“काका, बंद होत नाही ते. आता ॲपच प्रत्येकासाठी संगीत बदलतं; ज्याला जे आवडतं, तेच त्याला ऐकू जातं.”

“मग त्यात माझं काय उरलं?”

“वर नाव आहे ना तुमचं!” रेवती हसली. “तो जोड ऐकून कोण खूश होणार होतं?”

नेमक्या याच भीतीने त्यांनी पेडणेकरांच्या पत्राला उत्तर देणं टाळलं होतं. ते तिरीमिरीत उठले, माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला आणि मूळ मिक्स कॅसेटवर उतरवलं. सोबत चिठ्ठी लिहिली: ‘जोड अडखळतो. आवडला नाही, तर तसंच कळवा.’

टपालपेटीत पाकीट पडल्याचा खडखडाट झाला. तो तरी कुणी सुधारला नव्हता.