आवाजावरचं कुलूप

दूध संस्थेच्या नव्या संगणकावर फॅटचा आकडा दिसला, पण नेहमीसारखा ऐकू आला नाही. वाचता न येणाऱ्या बायका खोळंबल्या. सचिव श्रीपतीनं तडक सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला.

"काका, आकडे बोलून दाखवणं आता मोफत आवृत्तीत नाही. विकतचीच घ्यावी लागेल."

"अहो, तुमच्या त्या प्रोग्रामिंगच्या भाषेला मराठी आकडे येत कुठं होते? माझ्या बायकोनं हा आकडे बोलणारा प्रोग्राम लिहिला, स्वतःच्या आवाजात आकडे भरले आणि सगळ्या गावांसाठी तुम्हाला फुकट दिला. ती गेली आणि तुम्ही कुलूप लावलंत?"

पलीकडचा वरमला. "तुमच्यापुरतं काढून देतो, काका. पण बाहेर बोलू नका."

श्रीपतीला गलबलून आलं. एका होकारावर तिचा आवाज पुन्हा ऐकू आला असता.

"चोरी तुम्ही केलीत, लपवू मी? काढायचं तर सगळ्या गावांचं काढा!"

फोन तसाच चालू ठेवून तो रांगेकडे वळून गरजला, "पारूआत्या, सहा पॉइंट दोन!"

"ओरडतोस कशाला? अडाणी आहे मी, बहिरी नाही."

"तुला नव्हे, आत्या. ह्या फोनवरच्याला ऐकवतोय."