आईच्या गुलाबाला लागलेल्या मुंग्या

थंडी सुरू झाली की गुलाब छाटायचा, खत घालायचं, पाणी कमी करायचं. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो आणि अगदी तसंच केलं. तरी बाल्कनीतल्या बारा कुंड्यांपैकी नेमक्या आईच्या गुलाबाच्या कुंडीत मुंग्या झाल्या. साबणाचं पाणी झालं, कडुनिंबाचं तेल झालं, दालचिनीची पूड झाली. मुंग्या हलेनात.

"माझा गुलाब मेला ना, तर तुझं जेवण बंद," आई म्हणाली. मग मी नर्सरीवाल्याला घरीच घेऊन आलो.

त्याने पानं उलटून पाहिली. कीड नव्हती. त्याने कुंडीतली माती उकरली, नाकाशी नेली आणि विचारलं, "याला खत काय घालता?"

"शेणखत."

"ते तर सगळ्याच कुंड्यांना दिसतंय. या एकट्याला वेगळं काय?"

पेपरमागे बसलेले बाबा खोकले.

"अहो?" आई म्हणाली.

"अहो काय! हा रोज सकाळी मोबाइल घेऊन तासभर संडासात बसतो. मग मी जायचं कुठे?"

आईने कपाळावर हात मारला. मी हसून हसून लोळायचाच बाकी होतो. नर्सरीवाला मात्र हसला नाही.

"दादा, मुंग्यांचं औषध राहू द्या," तो मला म्हणाला. "आधी काकांची शुगर तपासून घ्या."

संध्याकाळी रिपोर्ट आला, तीनशे चाळीस. तेव्हापासून माझ्या मोबाइलवरून घरात कोणी चकार शब्द काढत नाही.