टाकसाळीची रेघ

"रेघा टाकसाळीतल्याच आहेत," टिपणीस पुन्हा म्हणाले. मी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. नाण्यांच्या प्रदर्शनात दर्जा ठरवायला बसलं, की प्रत्येक ओरखडा टाकसाळीतूनच आलेला असतो. घरी कुणी काही करतच नाही.

"अहो, टाकसाळीची रेघ वर उठलेली असते. ही आत गेलीय. खास संग्रहासाठी पाडलेलं, आरशासारखं चांदीचं प्रूफ नाणं घासलं कुणी?"

"मी!" शेजारी बसलेल्या वहिनी अभिमानानं म्हणाल्या. "दर लक्ष्मीपूजनाला, दंतमंजनानं. बाकीची सगळी नाणी यांनी कपाटात कोंडलीत, मला हातही लावू देत नाहीत. हे एकच देव्हाऱ्यात असतं. मिळेल ना बक्षीस?"

नाणं बाद होतं. पण टिपणीसांनी टेबलाखालून माझा पाय दाबला आणि डोळ्यांनीच विनवलं, हिच्यासमोर नको.

मी वैतागून भिंग खाली ठेवलं. "वहिनी, बक्षिसाचं नंतर बघू. पण अशी चमक इथल्या कुठल्याच नाण्याला नाही."

"ऐकलंत?" वहिनींनी नवऱ्यापुढे हात पसरला. "आता द्या कपाटाची किल्ली."

टिपणीसांनी पुन्हा माझा पाय दाबला. या वेळी टाचेनं.