बोद्दामची तयारी

एर्मलिनने बांधलेली पिशवी पुन्हा सोडली आणि आतली केरसुणी काढून दाराआड उभी केली.

“काढलीस ना?” अंगणातल्या खुर्चीवरून जोझ्वेने विचारलं. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले होते, कान शाबूत होते.

“शेजारच्या लिझेतला देते. तिला लागेल बेटावरच्या कबरी झाडायला.”

“आणि तू कशानं झाडणार?”

“मी जात नाहीये, दादा.”

जहाज गुरुवारी सुटणार होतं. बोद्दाम बेटावरच्या सगळ्यांना सरकारने उठवून इथं मॉरिशसच्या धक्क्यावर आणून सोडलं, तेव्हा एर्मलिन आईच्या कडेवर होती आणि जोझ्वेला मिसरूड फुटलं होतं. त्यानंतर त्या बेटावर कुणी राहिलं नाही. आता एवढ्या वर्षांनी जुन्या माणसांना नुसतं बघून यायची परवानगी मिळाली होती. दिवसभर हिंडायचं आणि संध्याकाळी जहाजावर परत. बहीण-भाऊ दोघांचीही नावं लागली होती. पण डॉक्टरने जोझ्वेला तपासलं आणि सांगून टाकलं, दोरीच्या शिडीवरून छोट्या होडीत उतरणं यांना झेपायचं नाही.

“बरं झालं, मला मेली बोट लागते,” असं जोझ्वे घरी येईपर्यंत म्हणत होता. सगळा जन्म त्याने मासेमारीत काढला होता. घरी आल्यावर मात्र ताटातल्या भाताला त्याने हात लावला नाही.

“मला काय कळणार तिथं?” एर्मलिन बाहेर येऊन त्याच्याजवळ बसली. “माडांचं रान माजलं असेल. आपलं घर कुठलं, विहीर कुठली, मला काही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो इथं बसणार. देवाला तरी काय सुचतं!”

“देवाला मध्ये आणू नकोस. त्याच्याही घरावरचं छप्पर उडालंय तिकडे.”

तिला हसू आलं. हसता हसताच तिने झग्याचं टोक मुठीत धरलं. “तुझी जागा मी खाल्ली असं वाटतं रे. बेटावर पाय ठेवला तरी डोक्यात तूच असणार. मग मी बघू काय?”

“म्हणजे माझे डोळे गेले म्हणून तूही मिटून घेणार?” जोझ्वेचा आवाज चढला. “आई जायच्या दिवसापर्यंत बोद्दाम, बोद्दाम करत होती. आपल्या घरातल्या एकाचे तरी पाय तिथं लागायला नकोत? मला जमत नाही. तुला जमतंय, तर नखरे करतेस!”

एर्मलिन उठली. आत जाऊन तिने चहा टाकला. तो उकळेपर्यंत तिने केरसुणी पिशवीत परत खोचली, रबरी बूटही आत टाकले. कप त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, “वाट सांग.”

“धक्क्यावरून वर आलीस की उजव्या हाताला चर्च. त्याच्यामागून पायवाट निघते, ती खोबरं वाळवायच्या भट्टीपर्यंत जाते. भट्टीपाशी डावीकडे वळ. पुढे विहीर, विहिरीला लागून आपलं घर.”

“घर कसलं राहतंय आता!”

“घर नसू दे. विहीर कुठे जातेय?”

तिने मान हलवली. मग त्याला ते दिसत नाही हे आठवून म्हणाली, “बरं. तुला काय आणू? लिझेत बरणीभर वाळू आणणार आहे.”

“वाळू घेऊन मी काय करू?” त्याने चहा संपवला. “काही आणू नकोस. विहिरीपाशी उभी राहा आणि मला हाक मार. मोठ्यांदा.”

“तू तर इथं असशील.”

“मी कुठं असेन ते मला कळतं गं. आई तिथूनच हाक मारायची. मी होडी घेऊन आतल्या उथळ पाण्यात. पहिल्या हाकेला मी कधी हललो नाही. दुसरी चिडून यायची. मग वल्हं उचलायचो.”

एर्मलिन विचारात पडली. “आईनं कुणाला मोठ्यांदा हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही, दादा.”

“इथं आल्यावर नाहीच मारली तिनं. म्हणून म्हणतो, आत्ताच घोटून घे. मार.”

तिने कुंपणाकडे पाहिलं, ओशाळून हसली. “जोझ्वे!”

“ही काय, पाववाल्याला थांबवतेयस? मध्ये बरंच पाणी आहे. शेवट लांबव.”

एर्मलिन उठून उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला.

“जोझ्वेऽऽऽ!”

गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. लिझेतने भिंतीवरून डोकं काढलं, “काय झालं गं?” जोझ्वे वर मान करून तसाच बसून होता. आपलं चुकलं, असं एर्मलिनला वाटलं. मग ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं.

तिने कमरेवर हात ठेवले आणि पुन्हा हाक मारली, चिडून.

जोझ्वे खुर्चीच्या हातांवर भार टाकून उभा राहिला.

“आलो गं,” तो म्हणाला.