एक वाजताचं गिऱ्हाईक

एक वाजायला दहा मिनिटं होती आणि भक्तीने मागवलेल्या नूडल्स तशाच निवत होत्या.

बहारीनच्या बुसैतीनमधलं हे दुकान पंचवीस वर्षांचं. थाई आजी गल्ल्यावर, लेक आणि जावई आत शेगडीपाशी. एका दिनारात पोटभर सूप-नूडल्स मिळतात म्हणून दुपारी ड्रायव्हर, वेल्डर, शिपाई यांची झुंबड. प्रत्येक टेबलावर चार बरण्या: साखर, सुकी मिरची, मिरचीचं व्हिनेगर आणि माशांचा खारट रस. ज्याने त्याने आपल्या जिभेला पटेल तसं घालून घ्यायचं.

भक्ती जेवायला आलीच नव्हती. ती नवरा शोधायला आली होती, आणि तो सापडू नये असं तिला वाटत होतं. असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

शेजारी बसलेला प्रवीण कुडाळच्या शाळेत मास्तर. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न होतं. भक्तीचा पहिला नवरा गणपत लग्नानंतर अडीच महिन्यांत वेल्डिंगच्या कामावर बहारीनला आला. दोन वर्षं फोन, पैसे, सगळं वेळेवर. मग त्याची कंपनी बुडाली आणि त्याचा फोनही बंद झाला. सात वर्षं काहीच कळलं नाही, तेव्हा कोर्टाने त्याला मृत ठरवलं. प्रवीणचं स्थळ तर सासूनेच आणलं होतं.

आणि नेमका तेव्हाच इथेच गाडी चालवणाऱ्या गावच्या रावजी ड्रायव्हरने या स्वस्त दुकानाचा व्हिडिओ टाकला. मागे, कोपऱ्यातल्या टेबलावर, दाढीवाला एक माणूस नूडल्समध्ये साखर घालत होता. एक चमचा, दोन, तीन.

गणपत वरणातसुद्धा साखर घालायचा. मिरचीचं बी दाताखाली आलं तरी घरभर पाणी शोधत फिरायचा. आणि जुन्या वळणाचा इतका, की वडापावच्या कागदाभोवतीही पाणी फिरवून चार कण बाजूला काढल्याशिवाय घास घेत नसे. भक्ती तेव्हा पोट धरून हसायची. त्याचा चेहरा मात्र आता नीट आठवत नव्हता. अडीच महिन्यांच्या संसारात चेहरा असा किती पाठ होणार?

रावजीने गेल्या आठवड्यात गणपतचा लग्नातला फोटो आजीला दाखवला होता. तिने तो बराच वेळ पाहिला आणि "मफी", म्हणजे नाही, असं म्हणून परत केला. पण व्हिडिओतला माणूस रोज दुपारी एकला येतो, एवढं रावजीने हेरून ठेवलं होतं. आज दोघांना इथे सोडून तो बाहेर गाडीत बसला होता.

प्रवीणने विमानातच सांगून टाकलं होतं. गणपत असलाच, तर त्याला घेऊन सरळ गावी जायचं. त्याचं तिकीट मी काढीन, माझ्या शब्दात तुम्ही अडकू नका. इतका भला माणूस हातचा जाणार, हे भक्तीला सहन होत नव्हतं. गणपतचा संतापही येत होता. जिवंत असशील तर सात वर्षांत एक फोन करता आला नाही?

एकला पाच कमी असताना आजी उठली. कोपऱ्यातल्या टेबलावरची साखरेची बरणी उचलून आत घेऊन गेली. भरायला नेली असेल.

तो बरोबर एकला आला. डोक्यावर टोपी, दाढी पांढरी, डाव्या गालावर भाजल्याचा मोठा व्रण. व्हिडिओत तो दाराकडे तोंड करून बसला होता. आज भिंतीकडे तोंड करून बसला.

आजीने न विचारताच वाडगा आणून ठेवला. त्याने पाण्याचा ग्लास जवळ ओढला, क्षणभर मान खाली घातली, मग मिरचीच्या बरणीत चमचा घातला. एक चमचा. दुसरा. तिसरा. साखर मागितली नाही. भुरके मारत, मध्ये न थांबता सगळं संपवलं.

"ओळखीचं वाटतंय काही?" प्रवीणने हळूच विचारलं.

तो माणूस गल्ल्यापाशी गेला तशी भक्ती उठली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली.

"तुमी खंयचे?" तिने मालवणीतच विचारलं.

त्याचे डोळे लालभडक झाले होते, पाणी वाहत होतं. एवढी मिरची खाल्ल्यावर कुणाचंही तेच झालं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे प्रवीणकडे. प्रवीणकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"समझा नहीं, बहनजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गोरखपुर का हूँ."

आजीकडे मान हलवून तो बाहेर पडला.

भक्ती टेबलाशी येऊन बसली.

"ते नव्हेत," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मिरची बघितली ना केवढी घातली? ह्यांना नसती झेपली."

प्रवीणने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि पुन्हा काढला. मग दोघंही उगाचच हसले. भक्तीला एकदम भूक लागली. गार झालेल्या नूडल्स तिने चाटूनपुसून खाल्ल्या. छान होत्या. आईंना फोन करून सांगू या, असं ती म्हणाली आणि प्रवीण पैसे द्यायला उठला.

हात धुवायची मोरी कोपऱ्यात होती. भक्ती तिकडे गेली. त्या माणसाचं टेबल अजून कुणी आवरलं नव्हतं. रिकाम्या वाडग्याभोवती पाण्याची गोल रेघ होती, बोटाने फिरवलेली. रेघेच्या बाहेर, उजव्या हाताला, नूडल्सचे चार बारीक तुकडे ओळीने मांडलेले होते.

प्रवीण पैसे देऊन वळला, तोवर भक्तीने ओढणीने ते टेबल कोरडं करून टाकलं होतं.