काचेच्या टाकीतले मुळे
तळ्यातले कोई मासे हिवाळ्यात घरात ठेवायला मी काचेची टाकी आणली, तर बाबांनी तिच्यात मुळे खारवायला घातले. “बाबा, आपल्या निइगातात बर्फ छपरापर्यंत चढतो, मासे गोठतील!” “तळं खोल आहे, पोरी. तळाशी निजून राहतील. फक्त टाळी वाजवू नकोस, जेवायला बोलावलं समजून उठतील. तुझ्यासारखी तीनदा हाक मारावी लागत नाही त्यांना.” दुसऱ्या दिवशी छपरावरचा बर्फ ओढताना बाबा कोसळले आणि गेले. रोज वाटे, मासे आत आणावेत, पण त्यांचा शब्द मोडवेना. हिवाळाभर टाकीतले मुळे खाल्ले. बर्फ वितळल्यावर भीतभीत टाळी वाजवली. पाणी हललं नाही. पुन्हा वाजवली, बाबांसारखी जोरात. खालून एक लाल पाठ वर आली, मागोमाग सगळे मासे, आ वासून. “बाबा,” ते गेल्यापासून मी प्रथमच मोठ्याने म्हणाले, “तुमचंच खरं. मुळेही छान मुरले होते.”