पाऊल सरकतं

"मॅडम, ती परत हलली," विश्वजीत म्हणाले.

तनुजाने मान वर केली. कोथरूडच्या त्या अ‍ॅनिमेशन क्लासमध्ये बाकी सगळी कॉलेजची पोरं होती. कोणाचा राक्षस उडत होता, कोणाचे रोबो एकमेकांना बडवत होते. पंचेचाळिशीच्या विश्वजीतना मात्र एक लहान मुलगी नुसती उभी करायची होती, आणि नेमकं तेच जमत नव्हतं.

पडद्यावर पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी आईचं बोट धरून बसस्टॉपवर यायची. फुटपाथवर थांबायची. आई तिचा हात सोडून पर्स चाचपायला लागायची. तेवढ्यात मुलीचं पाऊल कोणीतरी ओढल्यासारखं पुढे सरकायचं, रस्त्यावर उतरायचं आणि पुन्हा मागे यायचं.

"मी हिला हलायला सांगितलेलंच नाही," विश्वजीत काकुळतीने म्हणाले. "मधे आणखी कीफ्रेम टाकून बघितल्या, तर आता थरथरतेही आहे."

"अजून टाका, म्हणजे नाचायला लागेल," तनुजा म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिला आपल्या जिभेची लाज वाटली. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"हे बघा, कीफ्रेम टाकून आपण फक्त दोन जागा ठरवून देतो. इथे उभी आहे, आणि पुढे तिथेही उभीच आहे. मधलं कॉम्प्युटर आपल्या मनाने भरतो. ही चालत आली ना, मग त्याला वाटतं, चाल अशी एकदम कशी थांबेल? म्हणून तो तिला जरा पुढे नेऊन मागे आणतो."

"म्हणजे खोटं भरतो."

"खोटं कशाला? त्याच्या सोयीचं भरतो."



तनुजाने मुलीच्या हालचालीचा आलेख उघडला. दोन ठिपक्यांमध्ये जिथे सरळ रेघ हवी होती, तिथे उंचवटा आला होता. मधल्या जादा कीफ्रेम तिने काढून टाकल्या आणि माउस त्यांच्याकडे सरकवला. "आता हा उंचवटा तुम्हीच सपाट करा."

त्यांनी केला. मुलगी आली, थांबली, आईने हात सोडला. मुलगी जागची हलली नाही. विश्वजीतनी चष्मा काढला आणि सगळ्या पोरांदेखत ते रडायला लागले.

तनुजाने त्यांना पाणी आणून दिलं. पोरं घरी गेल्यावर तिने हळूच विचारलं, "कोण ही?"

"गेली ती. मागच्या वर्षी. स्टॉपवर गाडी चढली." ते पाण्याच्या पेल्याकडे बघत बोलत होते. "सगळे म्हणतात, पोर धावली. पोलिसही तेच म्हणतात. तिच्या आईला वाटतं, आपण हात सोडला म्हणून ती गेली. धड जेवत नाही, कामावर जात नाही. वेड लागायचं राहिलंय. मला तिला दाखवायचंय, की मुलगी जागेवरच होती."

तिच्या आईला, म्हणे. तनुजाचे बाबा अजूनही बायकोचं नाव घेत नसत, 'तनूची आई' म्हणत. ही जुनी तऱ्हा तिच्या ओळखीची होती.

"नुसतं सांगितलंत तर?"

"माझ्या तोंडचं ती ऐकणार नाही."

"तुम्ही एकत्र राहत नाही?"

"नाही. ती मंडईजवळ राहते."

तनुजाने पुढे खोदून विचारलं नाही. मूल गेल्यावर एकमेकांकडे बघणंही नकोसं होतं, असे संसार तिने पाहिले होते. विषय बदलायला ती म्हणाली, "कॅमेरा असा रस्त्यात कशाला ठेवलाय? आईच्या बाजूने घ्या. चेहरा छान दिसेल."

"नको. मला ती इथूनच दिसली होती."

शनिवारी दोघं बसने मंडईकडे निघाले. "एकट्याने धीर होत नाही," असं म्हणून त्यांनी तनुजाला बरोबर घेतलं होतं. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. मुलगी अशी गेल्यावर कोण चालवेल, तनुजाला वाटलं. वाटभर ते हाताची बोटं चोळत बसले होते.

दार एका किडकिडीत बाईने उघडलं. विश्वजीतना बघून तिचा चेहरा दगड झाला.

"तुम्ही?"

"एकदाच बघा. मग जातो."

दुरावलेल्या बायकोशी माणूस असाच अहोजाहो करत असेल, असं वाटून तनुजाला भडभडून आलं. बाईने 'आत या' म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. तनुजाने लॅपटॉप उंबऱ्यावरच उघडून ठेवला.

पिवळ्या फ्रॉकला बघताच बाई मटकन खाली बसली. तिने पूर्ण बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग वाकून पडद्यावरच्या इवल्याशा चपलांवर बोट ठेवलं आणि सगळं संपेपर्यंत ते तिथून काढलं नाही.

"हलली नाही," ती म्हणाली.

"नाही," विश्वजीत म्हणाले. "तुमचा काही दोष नव्हता."

बाई रडली. वर्षभराचं साठलेलं होतं, ते आवरेना. तनुजाने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, असं तिला फार दिवसांनी वाटलं. आता ही दोघं निदान एकमेकांशी बोलतील.

बाईने पदराने तोंड पुसलं, भिंतीला धरून उठली आणि विश्वजीतच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मग माझी पोर धावत तुमच्या गाडीपुढे आली, असं पोलिसांना का सांगितलंत?"